साहेबांचा फोटो आणि पोटातला गोळा

"मॅडम, डिझायनर म्हणून लागलो, आता नुसता ऑपरेटर झालोय."

26 वर्षांचा हा मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात कोरलवर (डिझाईनचं सॉफ्टवेअर) बसतो. वाढदिवसाची जुनी फाईल उघडायची, नाव-फोटो बदलायचे, झालं. वेगळं काही सुचलं की पोटात गोळा. "गिऱ्हाईक तुटलं तर?" डिझाईनमधली बरीच मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे हीच भीती घेऊन येतात.

दोन वर्षांपूर्वी त्यानं एक बॅनर वेगळा केला होता: भरपूर पांढरी जागा, एकच चेहरा मोठा. मंडळाची पोरं दुकानात येऊन सगळ्यांदेखत ओरडली. मी त्याच्या भीतीचं मूळ वडिलांच्या धाकात शोधत बसले, दोन सत्रं फुकट घालवली. मग एकदाचं विचारलं, "ओरडले म्हणजे नेमकं काय म्हणाले?"

तो घुटमळला. "साहेबांचा फोटो बारका का केलास, म्हणाले."

पांढऱ्या जागेबद्दल कुणी ब्रही काढला नव्हता! फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा, हा मानपानाचा मामला. कोल्हापुरात राहून हे मला आधी सुचायला हवं होतं.

"कलापूर म्हणायचं, बाबूराव पेंटरांचं नाव घ्यायचं, आणि मी दादांचे वाढदिवस करतोय," तो कडवटपणे म्हणाला. मी म्हटलं, 1920 मध्ये बाबूरावांचा 'सैरंध्री' सिनेमा आला, त्याआधी ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवत होते की. तेही गिऱ्हाइकाचंच काम.

मग त्याला एक वही घालून दिली. फोटोंचा क्रम, आकार, नावं यांना हात लावायचा नाही. जे काही धाडस ते अक्षरांत, रंगात, मोकळ्या जागेत. नेहमीच्या डिझाईनसोबत दुसरं करायचं आणि दोन्ही छपाईआधी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची. तेव्हा नाकारलं तर आपला तासभर जातो. छापल्यावर नाकारलं तर फ्लेक्स आणि शाई मालकाच्या अंगावर. पाठवण्याआधी वहीत लिहायचं, काय होईल असं वाटतं. नंतर, काय झालं.

सहा नोंदी झाल्या. सहाही ठिकाणी अंदाज एकच: "शिव्या बसणार." चौघांनी निमूट नेहमीचं घेतलं, एकानं उत्तरच दिलं नाही. एका गुऱ्हाळवाल्यानं मात्र गुळाच्या बॉक्ससाठी दुसरं उचललं. पिवळ्याधमक रंगाऐवजी काकवीसारखा तपकिरी, वर हातानं काढलेली अक्षरं.

गोळा अजून येतो म्हणे. परवा तालमीच्या बॅनरची सातवी नोंद दाखवली. अंदाजाच्या रकान्यात लिहिलं होतं: "बहुतेक नको म्हणतील."