न्याय, निवाडा आणि तांदळातला खडा

प्रश्न ठाण्यातल्या पाचपाखाडीहून आला आहे. सोसायटीतले एक वयस्कर गृहस्थ वारले. नोटीस बोर्डावर काय लिहायचं यावरून बोलाचाली झाली. एकांचं म्हणणं, "कधी देवळाची पायरी चढले नाहीत, त्यांना मोक्ष कसला?" दुसरे म्हणाले, "त्याचा न्याय देव करील, जज करणारे आपण कोण?" म्हणून विचारलं आहे: 'न्याय करील' बरोबर की 'निवाडा करील'? 'जज करणे'ला मराठीत काय म्हणायचं? आणि बोर्डावर 'मोक्षप्राप्ती झाली' असं लिहिलेलं चालेल का?

निवाडा. पण आधी 'जज करणे' उरकू. लोकलमध्ये, कॉलेजात, मालिकांमध्ये 'मला जज करू नकोस' हे इतकं कानावर पडतं की मराठीत यासाठी शब्दच नव्हता असं वाटावं. पाठीमागे बोलतात ते नावं ठेवणं. ठपका टाकतात तो बोल लावणं. चुका वेचून दाखवतात ते दोष काढणं. माणसाचं वजन करून किंमत ठरवतात ते जोखणं. चार वेगळ्या गोष्टी, चार वेगळे शब्द. 'जज करणे' आल्यापासून चारही एकाच पोत्यात भरले गेले. रोजच्या बोलण्यात 'नावं ठेवू नकोस' एवढं नव्वद वेळा पुरतं.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या ७व्या अध्यायाचं पहिलं वचन याच विषयावर आहे. मराठीत ते कुठे 'दोष काढू नका' असं उतरवलं आहे, कुठे 'न्याय करू नका' असं. पहिलं कानाला जास्त मराठी लागतं, पण त्यात अर्धाच अर्थ येतो. 'हा नक्की नरकात जाणार' हा जसा आपल्या अधिकाराबाहेरचा निकाल, तसाच 'हा नक्की स्वर्गात पोचला' हाही. 'स्वर्गात पोचला' म्हणण्यात दोष कुठेच काढलेला नाही, तरी निकाल दिलेला आहेच. दुसरं भाषांतर मला अजिबात पटत नाही. मराठीत न्याय मागतात, देतात, तो मिळतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या पदरात तो पडतो. 'त्याचा न्याय देव करील' या वाक्यात गेलेला माणूस फिर्यादी आहे की आरोपी, हेच कळत नाही.

न्याय या शब्दाची व्युत्पत्तीही सर्रास चुकीची सांगतात. 'नीयते अनेन इति न्यायः', म्हणजे ज्याच्या योगे नेलं जातं तो न्याय, धातू नी. ऐकायला छान, पण पाणिनीने ३.३.३७ या सूत्रात दोन धातू स्पष्ट वेगळे केले आहेत: 'परिन्योर्नीणोर्द्यूताभ्रेषयोः'. परि लागतो नी धातूला, त्याचा परिणाय होतो, द्यूतातल्या सोंगट्या फिरवणं या अर्थी. नि लागतो इ धातूला, त्याचा न्याय होतो, अभ्रेष या अर्थी. अभ्रेष म्हणजे रीतीवरून न घसरणं. तेव्हा न्याय म्हणजे मुळात रीत, पद्धत, ठरलेली वाट. निकालाशी त्याचं नातं नंतर जडलं. म्हणूनच तर संस्कृतात 'स्थालीपुलाकन्याय' म्हणतात तेव्हा तिथे कोर्टकचेरी नसते, नुसता दाखला असतो. आपण त्यालाच शितावरून भाताची परीक्षा म्हणतो.

ही परीक्षा चालते का, तेही बघा. सगळा तांदूळ एका जातीचा, एकाच वेळी धुतलेला, एका भांड्यात, एका पाण्यात, एका आचेवर. म्हणून एक शीत बाकीच्या सगळ्यांची साक्ष देऊ शकतं. यातलं एक जरी बदललं तरी परीक्षा फसते. लग्नाच्या मोठ्या पातेल्यात तळाचं शीत मऊ झालेलं असतं आणि वरचं कच्चं, म्हणून जाणता आचारी झारा मध्यापर्यंत घालून शीत काढतो. जुना आणि नवा तांदूळ एकत्र टाकला तर नवा आधी गळतो, जुना कणीदार राहतो. मग एक शीत दाबून काय कळणार? माणसं तर एका पातेल्यात शिजतच नाहीत. देवळाची पायरी न चढणं हे एक शीत. त्यावरून त्या गृहस्थांच्या सत्तर-ऐंशी वर्षांचा भात शिजला की कच्चा राहिला, हे सांगणं स्थालीपुलाकन्यायातही बसत नाही.

आता निवाडा. हा निवडणे या क्रियापदाचा मुलगा आहे. मधला स्वर लांबवून नाम करायची मराठीची जुनी खोड आहे: उतरणे-उतारा, पसरणे-पसारा, बिघडणे-बिघाड, उघडणे-उघाड, तसंच निवडणे-निवाडा. आणि निवडणे येतं प्राकृतातल्या णिव्वड पासून. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात (८.४.६२) त्यासाठी स्वतंत्र सूत्र दिलं आहे: 'पृथक्-स्पष्टे णिव्वडः', म्हणजे होणे या धातूचा अर्थ 'वेगळं होणं' किंवा 'स्पष्ट होणं' असा असेल तेव्हा त्याच्या जागी णिव्वड येतो. या सूत्रातली दोन्ही टोकं आपण आजही वापरतो. वेगळं करतो ती निवड. स्पष्ट होतं तो निवाडा. निवाड्याचा अर्थ नुसता 'निकाल, निर्णय' एवढाच घेतला तर त्याचं निवडण्याशी असलेलं नातं हरवतं. शब्दाचा जीवच त्या नात्यात आहे.

कारण निवडणं म्हणजे काय, ते पाहायला कोश लागत नाही, सूप लागतं. जांभळी नाक्याच्या बाजारातून सुटा तांदूळ आणला की तीन कामं क्रमाने होतात. पहिलं पाखडणं: सुपात दोन-तीन ओंजळी, त्याहून जास्त नाही, कारण ढीग झाला की खालचा दाणा उडतच नाही. मनगटाच्या झटक्याने तांदूळ वर उडतो, हलकं भूस पुढे पडतं, दाणा सुपात परत येतो. दुसरं घोळणं: सूप किंचित कलतं धरून आडवं हलवायचं, दाणे सरकतात, जड खडे मागे रेंगाळतात. तिसरं निवडणं, आणि हे हातानेच होतं. ताटात पातळ थर पसरायचा, उजेड बाजूने येईल असं बसायचं. वरून उजेड पडला तर खड्याची सावली दिसत नाही. चकचकीत स्टीलच्या ताटात पांढरा खडा लपतो, म्हणून गडद ताट घ्यायचं.

तरी दोन चुका होतातच. तांबड्या सालीचा दाणा दिसला की नवखा हात तो फेकून देतो. तो खडा नसतो, तो तांदूळच असतो, नुसता रंगाने वेगळा. आणि तांदळाच्याच रंगाचा, तांदळाच्याच आकाराचा पांढरा खडा ताटातून सुटतो, थेट पातेल्यात जातो आणि दाताखाली येतो तेव्हा कळतो. डोळ्याने केलेली निवड या दोन ठिकाणी हमखास फसते: जे वेगळं दिसतं ते बाहेर टाकते आणि जे सारखं दिसतं ते आत ठेवते. कोणाच्या श्रद्धेबद्दल आपण जे बोलतो ते सगळं डोळ्याने केलेल्या निवडीवरच असतं. गंध, टोपी, क्रूस, उपास, वारी, नमाज, यांपलीकडे आपल्याला दिसतं तरी काय?

निकाल आणि दाणे निवडणं यांचं हे नातं फक्त मराठीत असतं तर योगायोग म्हटला असता. मत्तयाच्या त्या वचनात मूळ ग्रीक क्रियापद आहे क्रिनो. त्याचा जुना अर्थ वेगळं करणं. होमरच्या इलियडच्या पाचव्या सर्गात धान्याची देवी डिमीटर वाऱ्यावर दाणे आणि भूस वेगळं करते, तिथे हेच क्रियापद आहे, साधं पाखडणं. लॅटिनमध्ये त्याच कुळातला क्रीब्रुम म्हणजे चाळण. अरबीत फ-स-ल या धातूचा अर्थ तोडून वेगळं करणं. त्यातून आपल्याकडे फैसला आला, आणि त्याच धातूतून हंगाम, पीक या अर्थाने फसल आणि महसुली दप्तरातलं फसली साल आलं. फैसला आणि फसल सख्खी भावंडं आहेत. कुराणाच्या २२व्या सुऱ्यातल्या १७व्या आयतीत मुसलमान, यहुदी, साबी (एक जुना पंथ), ख्रिस्ती, मजूस (म्हणजे झरथुष्ट्राचे अनुयायी) आणि अनेक देव मानणारे असे सगळे ओळीने मोजून म्हटलं आहे की यांच्यातला फैसला अल्लाहच कयामतच्या दिवशी करील. क्रियापद याच धातूचं. तेव्हा 'निवाडा देव करील' हे मराठी वाक्य किती थोर शब्दांच्या पंगतीत बसतं बघा. 'न्याय करील'ला त्या पंगतीत पान नाही.

निवाडा कधी करायचा यालाही रीत आहे. मत्तयाच्याच १३व्या अध्यायात गहू आणि निदण, म्हणजे तण, यांचा दृष्टान्त आहे. गव्हात रात्री कोणी निदण पेरलं. चाकर उपटायला निघाले. मालक म्हणाला नको, उपटताना गहूही निघेल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. शेतीच्या दृष्टीने हे अगदी नेमकं आहे. तिकडचं ते तण ओंबी येईपर्यंत गव्हासारखंच दिसतं, आणि ओंबी येते तोवर मुळं मुळांत गुंतून गेलेली असतात.

आता निदण हा शब्द. शेतात तण काढणं म्हणजे निंदणी, आणि अनेकांना वाटतं की याचा निंदेशी संबंध आहे. नाही. निंदा येते निन्द् धातूपासून. निंदणी येते निर् + दा, म्हणजे कापून काढणं, यापासून. मनुस्मृतीत (७.११०) तण काढून धान्य राखणाऱ्याला निर्दाता म्हटलं आहे. दोन्ही शब्द झिजत झिजत मराठीत एकासारखे दिसू लागले. पण माझं मत असं आहे की या सारखेपणाचा परिणाम आपल्या मनावर झाला. निंदा करणाऱ्याला आपण शेत साफ करतो आहोत असं वाटतं. निंदणारी बाई मात्र खुरपं चालवण्याआधी प्रत्येक रोप ओळखते. निंदा करणाऱ्याला ती ओळख नसते.

आणि ओळखही कोणाच्या नजरेची? कोकणात, ठाणे जिल्ह्याच्या ओलसर पाणथळ कडांना आपोआप उगवणारा रानभात असतो. खाचरात घुसला तर शेतकऱ्याच्या लेखी ते तण. पण त्याचं नाव देवभात, आणि ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं तेव्हा तोच शिजवतात. वर्षभर तण आणि एक दिवस देवाचं अन्न.

मराठेशाहीतही निवाडा असा झटपट होत नसे. वादी-प्रतिवादी दोघेही हजर लागत. दोघांनी निकाल मान्य करू असा कतबा लिहून द्यायचा, जामीन द्यायचा, कागद आणायचे, साक्षी व्हायच्या, गोतसभा म्हणजे गावकरी-वतनदारांची सभा बसायची. जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे आणि तो हरकी, म्हणजे जिंकल्याची फी, भरे. हरणारा यजितखत, म्हणजे हार मान्य केल्याचा कागद, लिहून देई आणि गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरे. साक्षी-कागदांनी भागलं नाही तर शेवटी दिव्य, म्हणजे प्रकरण देवाच्या दारी. एका वतनासाठी एवढं! सोसायटीच्या जिन्यात उभं राहून एखाद्याच्या मोक्षाचा निकाल देताना प्रतिवादी हजर नाही, कतबा नाही, आणि मनातल्या भावाला साक्षीदार तर कोणीच नाही.

बोर्डाचं राहिलंच. 'मोक्षप्राप्ती झाली' लिहू नका. तो निवाडा आहे. 'दिवंगत' धर्मनिरपेक्ष आहे अशी समजूत करून घेऊ नका. दिवं गत म्हणजे स्वर्गात गेलेला. 'कै.' म्हणजे कैलासात राहणारा, 'वै.' म्हणजे वैकुंठात. दोन्हींत पत्ता दिलेला आहे. कुटुंब स्वतः लावत असेल तर जरूर लावा, ती त्यांची श्रद्धा. आपण होऊन कोणालाही चिकटवू नका, विशेषतः 'पैगंबरवासी'. त्यापेक्षा मुसलमान घरांत चालणारा 'मरहूम' घ्या. ठाण्यातच टेंभी नाक्याजवळ बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, १८७९ सालचं सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) आहे, त्याचं नाव शाआर हाशामाइम, म्हणजे स्वर्गाचं दार. मृत्यूची बातमी कळल्यावर म्हणायचं त्यांचं हिब्रू वचन आहे 'बारूख दयान हाएमेत', धन्य तो सत्य न्यायाधीश. गेलेल्या माणसाच्या गुणदोषांबद्दल त्यात एक अक्षर नाही.

मराठीत हेच काम एका ओकाराने होतं. संस्कृत भवतु, प्राकृत होउ, मराठी होवो. ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या पसायदानात हा ओकार ओळीओळीत आहे: सांडो, वाढो, जडो, लाहो. तिथे खळांची व्यंकटी सांडो म्हटलं आहे. खळ कोण, याची यादी दिलेली नाही. 'सद्गती लाभली' हा निकाल, 'सद्गती लाभो' ही प्रार्थना.

तेव्हा बोर्डावर नाव, तारीख, 'यांचे निधन झाले', आणि खाली 'ईश्वर त्यांना सद्गती देवो' एवढं पुरे. घरचे देव मानणारे नसतील तर 'कुटुंबीयांना बळ लाभो'. 'देवो' एकवचनी आहे, 'देवोत' करू नका; ते कर्ता अनेकवचनी असेल तेव्हा. जागा कमी पडली तर 'भावपूर्ण श्रद्धांजली' गाळा, क्रियापद गाळू नका.