शिडाच्या जहाजावरून वर्गात येताना

प्रिय मित्रा,

जहाज सोडून शिकवायला यावं का, असं तू विचारलंस. जरूर ये, पण आधी काही वर्षं कॅप्टन म्हणून काढ. मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, असेपर्यंत शिडं कधी उतरवायची यावरचा शेवटचा शब्द दुसऱ्याचा असतो. ती जबाबदारी स्वतः पेलल्याशिवाय वर्गात नेमकं काय सांगायचं ते उमजत नाही.

गाठी मारणं, डोलकाठीवर चढणं हे बोसन (खलाशांचा मुकादम) तुझ्या-माझ्याहून चांगलं शिकवतो. तू वारा आणि जहाजाचा तोल शिकव. समज, मागून २५ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा आहे आणि जहाज ८ नॉटनं चाललंय. डेकवर जाणवतात फक्त १७. जहाज सरळ, पोरं खूश. तेवढ्यात कुणी पाण्यात पडलं आणि जहाज वाऱ्याकडे वळवावं लागलं, की त्याच शिडांवर २५ हून जास्त नॉटचा वारा आदळतो, तोही बाजूनं. दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे दुपटीहून अधिक! फळ्यावर दोन ओळींचं गणित आहे हे. ते मुरलेला अधिकारी शिडं वेळेत उतरवतो.

म्हणून ‘कॉन्कॉर्डिया’ पहिल्याच आठवड्यात शिकव. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन निघालेलं हे जहाज ब्राझीलजवळच्या समुद्रात कलंडून बुडालं. सगळे ६४ जण वाचले, हे केवढं भाग्य! कॅनडाच्या चौकशीत दिसलं, की कोणत्या वाऱ्यात किती कलणं धोक्याचं हे सांगणारे आलेख जहाजावर होते. पण ते वापरायचं प्रशिक्षण वॉचवरच्या (पहाऱ्याच्या पाळीवरच्या) अधिकाऱ्याला नव्हतं, कारण तसा नियमच नव्हता. हे वाचून मला आजही चीड येते. आपलं काम इथेच सुरू होतं.

तसे आलेख विद्यार्थ्यांच्या हाती दे, ‘आता काय करशील?’ विचार आणि गप्प राहा. कॅप्टनला हे जड जातं, डेकवर उशीर परवडत नाही ना. वर्गात परवडतो. चुकीचं उत्तरही पुरतं ऐकून घे आणि जहाज कुठे हातचं गेलं ते त्यालाच शोधू दे.

जहाजावरच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं, ते चुकवू नकोस. सुट्टीत जहाजावर जात राहा. आणि सध्याच्या जहाजावर ते आलेख कुठे ठेवलेत ते आजच बघ. कपाटात असतील तर बाहेर काढ आणि रात्रीच्या वॉचला समजावून सांग.

तुझा,
जुना कॅप्टन