एका टोकाला दिवा लागतो, दुसऱ्या टोकाला नाही

प्रश्न : सावद्याला आमचं केळीचं पॅकहाऊस आहे आणि तिथून साधारण ६०० मीटरवर ऑफिस. मध्ये सिंगल मोड फायबर (प्रकाशाने डेटा नेणारी काचतंतूची केबल) टाकून घेतली. दोन्हीकडे नवे राऊटिंग स्विच (वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडू शकणारे) आणि त्यांत बसवलेले १ गिगाबिटचे, १३१० नॅनोमीटरचे एलएक्स मॉड्यूल (विजेचा सिग्नल प्रकाशात बदलणारे) आहेत. पॅकहाऊसमध्ये लिंकचा दिवा लागतो, ऑफिसात लागत नाही. बसवणारा म्हणतो, मॉड्यूल बदला. कॅमेरे आणि बिलिंग वेगवेगळंही ठेवायचं आहे. काय करावं? – एक वाचक, सावदा

उत्तर : भाऊ, मॉड्यूलवर लगेच पैसे घालू नका. आधी ऑफिसच्या स्विचवर ‘शो इंटरफेसेस ट्रान्सीव्हर’ ही कमांड देऊन बघा. कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात. मॉड्यूलला मोजमापाची सोय असेल तर किती प्रकाश पोचतोय ते डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) दिसतं. एवढ्या अंतरावर उणे ४ ते उणे ११ च्या आसपास आकडा यायला हवा. उणे ३० च्या खाली असेल तर प्रकाश पोचतच नाही: कोर (केबलमधला एकेक तंतू) चुकीची जोडली असेल, केबल कुठे दुमडली असेल किंवा टोक घाण असेल. पॅकहाऊसमध्ये खोक्यांच्या पुठ्ठ्याची धूळ सतत उडते आणि सिंगल मोडच्या तंतूचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. एक कण पुरतो. क्लीनर पेनने दोन्ही टोकं पुसा. टोकात डोळा घालून मात्र कधीच बघू नका, १३१० चा प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

आकडा चांगला आला, तर दोष बहुतेक सेटिंगचा. माझा संशय इथेच जास्त आहे. पॅकहाऊसच्या पोर्टवर वेग हाताने १००० ठेवला असणार आणि ऑफिसचा पोर्ट ऑटोवर, म्हणजे समोरच्या पोर्टशी बोलणी करून आपणहून जुळवून घेणारा. ऑटोवाला पोर्ट समोरून बोलणी होण्याची वाट बघत बंद राहतो, हाताने ठेवलेला मात्र नुसता प्रकाश आला की चालू होतो. म्हणून एकच दिवा. दोन्हीकडे ऑटो ठेवा. मग पुढे एखादी कोर तुटली तरी दोन्ही दिवे जातात आणि बिघाड तिथल्या तिथे कळतो. पोर्ट १० गिगाबिटचे असतील तर काही स्विच १ गिगाबिटचं मॉड्यूल आपणहून ओळखत नाहीत. तिथे दोन्हीकडे वेग हातानेच द्यायचा.

दुवा उठला की दोन्ही टोकांच्या पोर्टवर ‘नो स्विचपोर्ट’ कमांड देऊन (म्हणजे पोर्टला स्वतःचा आयपी पत्ता देता येतो) /३० चे, म्हणजे दोनच उपकरणांपुरत्या छोट्या नेटवर्कचे, पत्ते द्या, समजा १०.०.०.१ आणि १०.०.०.२. कॅमेऱ्यांना एक व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं ठेवलेलं नेटवर्क), बिलिंगला दुसरं. दोनच ठिकाणं आहेत, स्टॅटिक रूट (हाताने लिहून दिलेली वाट) पुरे. ‘आयपी राऊटिंग’ चालू केलंय ना तेवढं बघा. एक गोष्ट बरेच जण विसरतात: व्हीलॅन वेगळे केले तरी राऊटिंग त्यांना परत जोडतं. कॅमेऱ्यांकडून बिलिंगकडे जाणारी वाट ॲक्सेस लिस्ट (कोणाला जाऊ द्यायचं, कोणाला अडवायचं याची यादी) लावूनच बंद होते.

पॅकहाऊसचा स्विच पत्र्याखाली असेल तर त्याची मला खरी काळजी वाटते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंशांपुढे जातं आणि साध्या मॉड्यूलची मर्यादा ७० अंशांची असते. प्रकाशाच्या आकड्याशेजारीच मॉड्यूलचं तापमानही दिसतं, भर दुपारी एकदा बघा. साठीच्या वर गेलं तर ८५ अंशांपर्यंत चालणारं इंडस्ट्रियल मॉड्यूल घ्या.

आणि सगळं जमलं की त्याच क्षणी कॉन्फिगरेशन सेव्ह करा, नाहीतर वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.