मागचा ब्रेक जाम, गॅरेजवाले म्हणतात चूक तुमची

प्रश्न : माझी जुनी पिकअप मी स्वतः चालवून भाडी मारतो. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक लायनर आणि व्हील सिलिंडर (चाकातला, ऑईलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) गॅरेजमध्ये बदलून घेतले, बिल चुकते केले. काही दिवसांतच मागचे डावे चाक तापू लागले, जळका वास यायला लागला आणि शेवटी चाक जाम झाले. गाडी टोचन करून त्याच गॅरेजला नेली. मालक म्हणतात, ‘तुम्ही हँडब्रेक ओढलेला ठेवून गाडी पळवलीत.’ आता नव्या कामाचे पैसे आगाऊ मागतात, नाहीतर गाडी सोडणार नाही म्हणतात. ग्राहक आयोगात जाता येईल का?

उत्तर : जाता येईल. पण त्याआधी एक काम आजच करा. माझ्या गैरहजेरीत ब्रेकचा ड्रम (चाकासोबत फिरणारे गोल भांडे) उघडू नका आणि काढलेला एकही भाग फेकू नका, असे गॅरेजला लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर कळवले तरी चालेल. चाक नेमके कशाने धरले, यावरच तुमचे प्रकरण उभे आहे. जुने भाग भंगारात गेले की त्याचे उत्तरही गेले.

हँडब्रेकचा आरोप ऐकायला सोपा आहे, टिकायला अवघड. बहुतेक पिकअपमध्ये हँडब्रेकचा लिव्हर मागची दोन्ही चाके ओढतो. तो ओढलेला राहिला असता तर उजवे चाकही तापले असते. म्हणून जळालेल्या डाव्या ड्रमइतकेच उजव्या, धड असलेल्या ड्रमचे आणि लायनरचे फोटो महत्त्वाचे. यावर समोरचा वकील म्हणेल की डाव्या बाजूची केबल गंजून अडकली असेल. जुन्या गाडीत हे सर्रास होते, त्यामुळे तो मुद्दा हसण्यावारी नेऊ नका.

तपासणी त्रयस्थ जाणकाराकडून करून घ्या, गॅरेजमालकांनाही हजर राहायला सांगा आणि सगळ्याचे व्हिडिओ चित्रण करा. गाडीचा मागचा भाग स्टँडवर घेऊन, पुढची चाके नीट अडवून, हँडब्रेक पूर्ण सोडायचा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर पेडल काही वेळा दाबून सोडायचे आणि मग चाक हाताने फिरवून पाहायचे. फिरत नसेल तर आधी हँडब्रेकची केबल ढिली करायची. तेवढ्याने चाक सुटले तर दोष केबलकडे. नाही सुटले तर व्हील सिलिंडरचे निपल (ऑईल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) सैल करायचे. ब्रेक ऑईल जोरात उडून चाक मोकळे झाले तर दाब आत कोंडला होता, म्हणजे होज पाइप (ब्रेक ऑईल नेणारी रबरी नळी) किंवा मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर ऑईलला दाब देणारा भाग) बघावे लागेल. मात्र अनेक पिकअपमध्ये मागच्या दोन्ही चाकांना एकाच होजमधून ऑईल जाते. तुमच्या गाडीत तसे असेल तर एकटे डावे चाक धरण्याचे कारण तिथे असणे कठीण. निपल उघडूनही चाक हलले नाही तर गडबड ड्रमच्या आत आहे: रिटर्न स्प्रिंग (ब्रेक मागे ओढणारी) चुकीची बसलेली, ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधले अंतर ठरवणारा भाग) जास्त आवळलेला, सिलिंडरचा पिस्टन अडकलेला किंवा बॅकिंग प्लेटवर (ड्रममागची स्थिर तबकडी) झिजून पडलेल्या खाचेत शू (लायनर बसवलेली पट्टी) अडकलेला. यातली खाच गाडीच्या वयाची. पण लायनर बदलणाऱ्याला ती डोळ्यांसमोर दिसते. दिसूनही गाडीमालकाला न सांगणे ही माझ्या मते सेवेतील त्रुटीच.

केबलचा दोष निघाला तर बिल बघा. ‘मागच्या ब्रेकचे पूर्ण काम’ असे लिहिले असेल तर केबल तपासणे त्यात आले. नुसते ‘लायनर, सिलिंडर बदलले’ असेल तर तुमची बाजू लंगडी पडते.

गाडी अडवण्याबद्दल. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 170 नुसार, सोपवलेल्या वस्तूवर कारागिराने मेहनतीचे वा कौशल्याचे काम केले असेल तर त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत तो ती वस्तू ठेवून घेऊ शकतो. पहिले बिल तुम्ही भरले आहे. दुसरे काम तुम्ही सांगितलेले नाही आणि ते झालेलेही नाही, मग हक्क कसला? तरीही रोजचा धंदा बुडतोय म्हणून पैसे द्यावे लागलेच, तर ‘हरकत राखून’ असे पावतीवर किंवा मेसेजमध्ये लिहूनच द्या. गाडी मात्र चालवत आणू नका, टोचन करा. धोकादायक दोष माहीत असून गाडी रस्त्यावर आणणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली गुन्हा आहे.

‘हा तर व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही’ हा आक्षेप येणार. केवळ पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू वापरणाऱ्याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यावसायिक वापरातून वगळले आहे. गाडी एकच आहे आणि मी स्वतः चालवतो, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, आणि गॅरेजला दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधी नोटीस पाठवा. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात.

तुमची कच्ची बाजू वेगळीच आहे. वास येऊ लागल्यावरही तुम्ही गाडी चालवलीत का, आणि किती? नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी तुम्ही काय केले, हे भरपाई ठरवताना पाहिले जाते. लायनर आणि मजुरीची रक्कम बहुधा मिळेल, पण जळालेल्या ड्रमच्या भरपाईत कपात होऊ शकते. वास आल्यावर लगेच गॅरेजला फोन केला असेल तर त्या दिवसाचा कॉल रेकॉर्ड सगळ्यात आधी जपून ठेवा.