दिवसभर लोकांची बोलणी ऐकून घरी आल्यावर कुणाशी बोलायचं त्राणच उरत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तक्रार खिडकीवर दिवसभर शांत राहता आणि घरी मुलानं नुसती हाक मारली तरी चिडचिड होते. मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, त्यामुळे हा थकवा मला चांगला ठाऊक आहे.

तुमची माया आटलेली नाही, एवढं आधी पक्कं धरा. समोरचा वाट्टेल ते बोलत असताना चेहरा शांत ठेवायचा, आवाज चढू द्यायचा नाही, यालाही ताकद लागते. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामाबद्दल लिहिताना याला भावनिक श्रम म्हटलं. पोती उचलणाऱ्याचे खांदे भरून आलेले दिसतात, हे दिसत नाही. म्हणून ‘बसूनच तर काम असतं’ असं ऐकावं लागतं.

आमच्याकडे ड्यूटी संपताना ‘ओव्हर’ देतात. पुढच्या सिस्टरला बेडपाशी नेऊन सांगायचं: सात नंबरच्या बेडचं सलाइन किती उरलंय, लघवी किती झाली, कुठला रिपोर्ट यायचाय. मी हेही सांगते की बारा नंबरच्या आजींचा मुलगा सकाळपासून भांडतोय, पण तो घाबरलाय, त्याच्याशी जरा सबुरीनं घे. एवढं बोललं की तो बेड तिचा. डोक्यातून सगळं जात नाही, पण बरंच जातं.

तुमच्याकडून ओव्हर घेणारं कुणी नाही. म्हणून उठण्याआधी पाच मिनिटं वहीत लिहा: कुणाचं काम अर्धवट राहिलं, उद्या आधी काय करायचं, आणि आज कुणाचं कोणतं बोलणं लागलं. हे शेवटचं टाळू नका, रात्री भाजी चिरताना नेमकं तेच आठवतं. वही ऑफिसातच ठेवा.

येताना बसमध्ये मोबाइल बघणं म्हणजे आराम, असं मला अजिबात वाटत नाही. तिथंही लोक तावातावानं बोलतच असतात. त्यापेक्षा एक स्टॉप आधी उतरून चालत या.

घरी गप्प बसायचं असेल तर सांगून बसा. ‘रागावले नाहीये गं, चहा होईपर्यंत बोलत नाही,’ असं मी मुलीला सांगते. न सांगता गप्प राहिलं की आपलंच काही चुकलं, असं मुलांना वाटतं.

साहेबांशीही बोला. खिडकीवर दोघांनी आलटून पालटून बसावं, मधल्या वेळात फायली कराव्यात. हा कामचुकारपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं पार थकून जाण्याची, नोंद आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. मग सगळा इलाज तुम्ही एकटीनं घरात का करायचा?

सुट्टी मिळूनही बरं वाटत नसेल, झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.