शेवटच्या कार्यक्रमाला जावं का?

प्रश्न : गेली तेहेतीस वर्षं मी एकाच बँडचा चाहता आहे. त्यांचा गायक हल्ली आजारी असतो आणि आवाजही पूर्वीचा राहिलेला नाही. आता त्यांनी निरोपाचा दौरा जाहीर केलाय आणि मुलीने मला न विचारताच माझं तिकीट काढून ठेवलंय. मला मात्र जाववत नाही. ज्या आवाजावर जीव लावला तो कानात जसा आहे तसाच राहू दे, असं वाटतं. जेनेसिस या इंग्लिश बँडच्या अखेरच्या कार्यक्रमाला तुम्ही होतात, असं या सदरात वाचलं होतं. गेल्याचा पश्चात्ताप झाला का?

उत्तर : पश्चात्ताप नाही झाला. पण तुम्ही म्हणता ती भीती मला होती, आणि ती मी चांगली सहा महिने बाळगली. आमची तिकिटं मुळात ऑक्टोबर 2021 ची. बँडमध्येच कोविड शिरला, लंडनचे तिन्ही कार्यक्रम पुढे गेले आणि आमच्या तिकिटांना नवी तारीख मिळाली 26 मार्च 2022. दौऱ्याची शेवटची रात्र आमच्या वाट्याला आली ती अशी, न मागता.

मधल्या काळात जेनेसिसचा गायक फिल कॉलिन्स याच्या मुलाखती ऐकल्या आणि धीर सुटत गेला. मानेच्या मणक्याच्या दुखण्यापासून सुरू झालेला त्रास हातापायांपर्यंत पोचला होता. ड्रमची काठी हातात धरणंही कठीण झालंय, असं तो स्वतः सांगत होता. हा मुळात ड्रमर, आधी ड्रमर आणि मग गायक. त्याला काठी टेकत येताना बघायला आपण का जायचं, असं मी दादाला विचारलं. दादा म्हणाला, "तू येऊ नकोस. मी जातो." मग अर्थातच मी गेले.

दादाबद्दल सांगायला हवं. 1986 मध्ये त्याने जेनेसिसच्या 'इन्व्हिजिबल टच'ची कॅसेट घरी आणली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मी त्या कॅसेटवर आणि कॉलिन्सच्या आवाजावर लुब्ध झाले, आणि दादा तिथून मागे मागे जात सत्तरच्या दशकात पोचला. तिथे त्याला बँडचा आधीचा गायक पीटर गेब्रिएल भेटला. त्यानंतर आमचं एक भांडण सुरू झालं ते पस्तीस वर्षं चाललं. दादाच्या मते 1975 मध्ये गेब्रिएल बाहेर पडला तेव्हाच खरा बँड संपला. माझ्या मते तो बाहेर पडल्यावर ड्रममागचा माणूस पुढे येऊन गायला लागला, हीच या बँडची सगळ्यात मोठी गोष्ट. दोघंही एक पाऊल मागे हटलो नाही. लग्नं झाली, मुलं झाली, फोनवरही हेच भांडण.

तर लंडनचं ओटू अरीना. सुमारे वीस हजार माणसं मावतात तिथे. कॉलिन्स आला, काठी टेकत, आणि खुर्चीत बसला. पुढचा सगळा कार्यक्रम त्याने त्या खुर्चीतूनच केला. काही गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली उतरवली होती. वरच्या सुरांना आधार द्यायला दोन साथीचे गायक होते. हे सगळं मला पहिल्या दहा मिनिटांत स्पष्ट ऐकू आलं, आणि खरं सांगते, घशात आवंढा आला. तुम्हालाही येईल.

मग माझं लक्ष ड्रमकडे गेलं. ड्रमवर निक होता, त्याचा मुलगा, वीस वर्षांचा. बाप ज्या जागा घेत असे त्या सगळ्या तो त्याच जोराने घेत होता, आणि ज्याच्या हातांना आता ते जमत नव्हतं तो माणूस त्याच्यापुढे बसून गात होता. टोनी बँक्स कीबोर्डवर आणि माइक रुदरफर्ड गिटारवर, 1967 पासून सोबत असलेले दोघं. सुरुवातीलाच त्यांनी 'टर्न इट ऑन अगेन' घेतलं. या गाण्याचं आवर्तन तेरा मात्रांचं आहे. चारच्या हिशेबाने टाळ्या धरल्या की दुसऱ्याच फेरीत माणूस चुकतो. माझ्या आजूबाजूची सगळी पन्नाशी-साठीची मंडळी बरोबर टाळ्या देत होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी कुठल्या लोकांत आलेय. इतकी वर्षं खोलीत एकटीने मोजलेल्या मात्रा इथे हजारो माणसं मोजत होती.

डोक्यावरचे दिवे फिरायला लागले तेव्हा दादाने कोपराने खुणावलं. हलणारे, रंग बदलणारे दिवे आज कुठल्याही कार्यक्रमात दिसतात. पण 1981 च्या दौऱ्यावर व्हॅरी-लाइट हे दिवे पहिल्यांदा नेले ते याच बँडने. त्यांच्या प्रकाशयोजनेवर दादा तासभर बोलू शकतो. त्या रात्री त्याने नुसतं कोपर मारलं.

कॉलिन्सने सांगितलं, आज जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम. यानंतर आम्हाला खरीखुरी नोकरी शोधावी लागणार, असंही म्हणाला. आणि मग म्हणाला की पीटर गेब्रिएल आज इथे प्रेक्षकांत आहे. 'सपर्स रेडी'ची फर्माईश ओरडून करणारा कदाचित तोच असेल, अशी मस्करीही केली. ते 1972 चं, सुमारे तेवीस मिनिटांचं गाणं. त्या रात्री ते झालं नाही. पण गेब्रिएल याच छपराखाली बसलाय हे ऐकल्यावर दादाने माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर नीट वर्णन करता येणार नाही. भांडणातली नव्हती, एवढं नक्की.

शेवटचं गाणं 'कार्पेट क्रॉलर्स'. 1974 चं, गेब्रिएलच्या काळातलं, म्हणजे दादाच्या बाजूचं. मूळ रेकॉर्डवर गेब्रिएल गातो, ड्रमवर कॉलिन्स आहे आणि मागून साथीला गातोही कॉलिन्सच. इथे तो खुर्चीत बसून ते पूर्ण गायला. मुलगा वाजवत होता. खाली कुठेतरी गेब्रिएल ऐकत होता. आवाजात खरखर होती. दादा रडत होता आणि मी त्याचा हात धरला होता. आमचं भांडण तिथे मिटलं. कोण जिंकलं, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

आता तुमची भीती. जुना आवाज पुसला जाईल, असं तुम्हाला वाटतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम 1986 ची तीच गाणी लावली. आवाज जिथल्या तिथे होता, तितकाच कोवळा आणि धारदार. खुर्चीतल्या आवाजाने त्याला धक्काही लावला नव्हता. उलट आता माझ्याकडे दोन आवाज आहेत.

आणि एक लक्षात घ्या, असा निरोप सगळ्यांच्या नशिबी नसतो. आर.ई.एम. हा बँड 2011 मध्ये एक निवेदन काढून थांबला. लेड झेपेलिननी ड्रमर जॉन बॉनम गेल्यावर 1980 च्या डिसेंबरात चार ओळींत संपवलं. त्यांच्या चाहत्यांना उभं राहून टाळ्या वाजवायला जागाच मिळाली नाही. तुम्हाला मिळतेय. जा. आणि मुलीला विचारा, तिने स्वतःचंही तिकीट काढलंय का. नसेल तर आजच काढायला सांगा.

प्रश्न : निरोपाच्या नावाखाली तिकिटं विकायची आणि दोन-चार वर्षांनी परत यायचं, ही चाहत्यांची फसवणूक नाही का?

उत्तर : कधी कधी आहे, आणि तुमचा राग मला समजतो. 'द हू' या बँडने 1982 मध्ये निरोपाचा दौरा केला आणि 1989 मध्ये परत मोठ्या दौऱ्यावर निघाला. 'किस' या बँडने 2000 मध्ये निरोप घ्यायला सुरुवात केली आणि तो खऱ्या अर्थाने घेतला 2 डिसेंबर 2023 रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. 'शेवटचा' हा शब्द तिकीट खपवण्यासाठी वापरला जात असेल तर मला तो चालत नाही. चाहता त्या शब्दावर रजा टाकतो, कर्ज काढतो. जेनेसिसनी निदान दौऱ्याच्या नावातच प्रश्नचिन्ह ठेवलं होतं : 'द लास्ट डॉमिनो?' हा प्रामाणिकपणा मला आवडला.

पण प्रत्येक परतणं सारखं नसतं. 'क्रीम' या बँडने 26 नोव्हेंबर 1968 ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोप घेतला आणि मे 2005 मध्ये त्याच सभागृहात चार रात्री वाजवलं. सदतीस वर्षांनी परत येणाऱ्याला मी फसवा म्हणणार नाही. ब्लॅक सॅबथ या बँडचं उदाहरण तर मला फार जवळचं वाटतं. त्यांचा निरोपाचा दौरा 4 फेब्रुवारी 2017 ला बर्मिंगहॅममध्ये संपला, पण मूळचा ड्रमर बिल वॉर्ड त्यात नव्हता. हा सल कितीतरी चाहत्यांच्या मनात राहिला. 5 जुलै 2025 रोजी ते मूळचे चौघं बर्मिंगहॅमच्याच व्हिला पार्क मैदानावर पुन्हा एकत्र आले.  गायक ऑझी ऑझबर्न पार्किन्सन्समुळे सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. सतरा दिवसांनी, 22 जुलैला तो गेला. पहिल्या निरोपावर समाधान मानून ते थांबले असते तर ही रात्र कोणालाच मिळाली नसती.

प्रश्न : माझ्या कानात कायम बारीक शिट्टी वाजत असते. डॉक्टर मोठा आवाज टाळा म्हणतात. शेवटची संधी आहे. जाऊ का?

उत्तर : आधी कानाच्या डॉक्टरांना नेमका कार्यक्रम सांगून विचारा, माझ्या शब्दावर जाऊ नका. हिशेब मात्र माहीत असू द्या. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, आणि पुढे दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. रॉकचा कार्यक्रम दोन-अडीच तासांचा असतो. डॉक्टर हो म्हणाले तर वादकांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या. फोमचे बोळे वरचे सूर जास्त खातात, त्यामुळे सगळं गादीखालून आल्यासारखं ऐकू येतं. फिल्टरवाल्यांत आवाज कमी होतो, पण शब्द बऱ्यापैकी कळतात. घरी एक-दोन दिवस लावून सवय करा. भोंग्यांसमोरची जागा सोडा. मी स्वतः लावते आणि लावूनच रडले.

प्रश्न : तिकीट मिळालं नाही. रात्रभर रांगेत नंबर लावून सकाळी 'संपली' असा निरोप आला. कार्यक्रम थेट दाखवणार आहेत, पण घरी पडद्यावर बघणं म्हणजे हरल्यासारखं वाटतं. काय करू?

उत्तर : वाईट वाटणारच, ते वाटू द्या. पण पडदा कमी प्रतीचा असतो, हे मला मान्य नाही. कॅनडाच्या द ट्रॅजिकली हिप या बँडचा गायक गॉर्ड डाउनी याला मेंदूचा बरा न होणारा कर्करोग झाल्याचं मे 2016 मध्ये जाहीर झालं. तरी तो दौऱ्यावर निघाला. शेवटचा कार्यक्रम 20 ऑगस्टला किंग्स्टनमध्ये, त्यांच्या स्वतःच्या गावात झाला. सीबीसी या तिथल्या सार्वजनिक वाहिनीने तो जाहिरातींशिवाय थेट दाखवला आणि सुमारे 1 कोटी 17 लाख लोकांनी तो पाहिला, म्हणजे देशातल्या दर तिघांतल्या एकाने. सभागृहात काही हजार माणसं होती, आणि बाहेर गावच्या चौकात पडद्यासमोर त्याहून कितीतरी जास्त. ती माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गात होती. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात डाउनी गेला.

तेव्हा एकटे बघू नका. ज्याने तुम्हाला हा बँड पहिल्यांदा ऐकवला त्याला फोन करा, कितीही वर्षं बोलणं झालं नसलं तरी. टीव्हीचे स्पीकर पुरणार नाहीत, कोणाकडून तरी चांगले आणा. दिवे बंद करा. पहिल्या सुरापासून मध्ये न थांबवता बघा. आणि उभं राहावंसं वाटलं तर घरात आहोत म्हणून बसून राहू नका.