एकच यंत्र हवंय? आधी पोर्ट बघा
फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप या तिन्हींची कामं करणारं एकच यंत्र शोधताय, तर सुरुवात पोर्टपासून करा. टाइप-सी दिसलं म्हणजे मॉनिटर जोडता येईलच असं नाही, यूएसबी २.० वाल्या पोर्टमधून सहसा चित्र बाहेर जात नाही. माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' शोधा, म्हणजे टाइप-सीमधून मॉनिटरला चित्र पाठवायची सोय. मी ते न बघताच फोन घेतला आणि केबल हातात धरून बसलो!

फोन मॉनिटरला जोडून संगणकासारखा वापरू देणारं सॅमसंगचं डेक्स २०१७ च्या गॅलेक्सी एस ८ सोबत आलं. मॉनिटर, कीबोर्ड, माउस जोडला की लिखाण, मेल, ब्राउझर मजेत चालतं. पण रोजचं काम विंडोजच्याच एखाद्या सॉफ्टवेअरवर अडत असेल, तर हा नाद सोडा. टॅबलेटचं म्हणाल तर, सिम असलं तरी साधा कॉल लागतोच असं नाही. घडीचा फोन वाचायला छान. लांबलचक टायपिंगला कीबोर्ड लागणारच.